बफर स्टॅटिक घ्यावा की केमॅलॉक करावा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी तो आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही महाप्याला एका छोट्या कंपनीत आहात आणि कंपनीच्या मापन-कार्डासाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहिताय, म्हणजे कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) बसून कार्डाशी बोलणारा कोड. कार्ड एसपीआयवर (चिपा जोडणाऱ्या सीरियल बसवर) बसतं, सेकंदाला १०० फ्रेम देतं, एक फ्रेम ४०९६ बाइटची. बोर्डावर ६४-बिट आर्म प्रोसेसर आणि ५१२ एमबी रॅम. ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून, म्हणजे चालू कर्नलला जोडला जाणारा तुकडा म्हणून, लोड होतो. डेटा तात्पुरता धरायला, म्हणजे बफर म्हणून, फाइलच्या वरच्या बाजूला ६४ केबीचा एक स्टॅटिक (आधीच ठरलेल्या मापाचा, कायमचा) ॲरे ठेवलाय. कार्डाची रजिस्टरं (सेटिंगचे छोटे खण) व्यवस्थित वाचता येतात, पण अख्खी फ्रेम मागितली की उणे २२ येतं. एक सीनियर म्हणतात, "कर्नलमध्ये मॅलॉकच्या भानगडीत पडू नकोस, स्टॅटिक सेफ." दुसरे म्हणतात, "स्टॅटिक बफर नवशिके घेतात, केमॅलॉक कर," म्हणजे चालू असताना कर्नलकडून जागा मागून घे. तुम्ही विचारताय, ऐकू कोणाचं?

दोघेही अर्धे बरोबर आहेत. पण तुमच्या उणे २२ ला दोघांनीही हात लावलेला नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

उणे २२ म्हणजे ईइनव्हॅल, दिलेलं काहीतरी अमान्य. माझा अंदाज असा की अमान्य झालाय तो तुमच्या बफरचा पत्ता. मॉड्यूल लोड होतं तेव्हा त्याच्या स्टॅटिक डेटासाठी कर्नल मिळतील तिथून ४-४ केबीची पानं गोळा करतो आणि प्रोसेसरला ती सलग दिसतील अशी जोडून देतो. प्रोसेसरला ६४ केबीचा एकसंध पट्टा दिसतो, प्रत्यक्षात रॅममध्ये ती सोळा पानं सोळा ठिकाणी असू शकतात. डीएमए इंजिनाला (प्रोसेसरला मध्ये न घेता रॅममध्ये डेटा ने-आण करणाऱ्या हार्डवेअरला) ही जोडणी दिसत नाही, त्याला रॅमचा खरा पत्ता लागतो. म्हणून कर्नलच्या डीएमएच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलंय की तीन जागांचे पत्ते डीएमएला द्यायचे नाहीत: कर्नल इमेजमधला डेटा, मॉड्यूल इमेजमधला डेटा आणि स्टॅक (फंक्शन चालू असेपर्यंतची त्याची जागा). तुमचा ॲरे दुसऱ्या गटात येतो. एसपीआयचा गाभा फ्रेम डीएमएने पाठवण्यासाठी बफरचा पत्ता तपासतो, तो त्याला ओळखीच्या कोणत्याच प्रकारात बसत नाही, आणि तो हात वर करतो.

मग रजिस्टरं कशी वाचली गेली? तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैज लावतो की तिथे तुम्ही 'एसपीआय राइट देन रीड' हे फंक्शन वापरलंय. सगळेच वापरतात. ते तुमच्या बफरला डीएमएच्या वाटेवर नेतच नाही. स्वतःच्या सुरक्षित बफरमध्ये काम उरकतं आणि शेवटी तुमच्याकडे कॉपी करून देतं. शिवाय छोटी देवाणघेवाण बरेचसे कंट्रोलर डीएमएशिवायच करतात, त्यामुळे दोनचार बाइटपुरता कुठलाही बफर चालून जातो. चूक पहिल्या दिवसापासून होतीच, फ्रेम मोठी झाल्यावर ती बाहेर आली.

ते फंक्शन एकदा उघडून वाचाच. पन्नाससाठ ओळींचं आहे आणि तुमच्या प्रश्नाचं जवळजवळ सगळं उत्तर त्यात आहे. वर एक स्टॅटिक पॉइंटर आहे. ॲरे नाही, पॉइंटर. एसपीआय उपप्रणाली सुरू होताना त्यात केमॅलॉकने एक लहानसा बफर भरून ठेवतात: ३२ बाइट किंवा कॅशची एक ओळ (प्रोसेसर रॅममधून एका वेळी उचलतो तेवढा तुकडा), जे मोठं असेल ते. कोणी फंक्शन बोलावलं की ते आधी मागणी त्या बफरात मावते का बघतं, मग म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) मिळतो का बघतं, पण मिळाला नाही तर वाट बघत बसत नाही. दोन्ही जमलं तर तयार बफर वापरतं. नाहीतर त्या एका कामापुरतं नवं केमॅलॉक करतं आणि काम झालं की सोडून देतं. आता हा बफर स्टॅटिक म्हणायचा की डायनॅमिक? ज्याने लिहिलं त्याला या नावांशी देणंघेणं नव्हतं. त्याने पाहिलं इतकंच की ही जागा एका वेळी किती जण मागतील, डीएमए तिला हात लावणार का, आणि मागायची ती कधी.

माझ्या अनुभवात या तिन्हींत 'कधी' हा सगळ्यात वजनदार. जागा कुठून घेतली यापेक्षा ती कोणत्या क्षणी मागितली यावरून माझी जास्त रात्रींची झोप गेलीय.

पहिल्या सीनियरांना आधी न्याय देतो. ते बहुतेक मायक्रोकंट्रोलर किंवा गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समधून आलेले असणार. मिस्रा सी २०१२ या सुरक्षित सी-कोडच्या नियमावलीत ४.१२ क्रमांकाचा निर्देश आहे: डायनॅमिक मेमरी वापरायची नाही. ६४ केबी रॅम, एमएमयू (विखुरलेली पानं सलग दाखवणारं हार्डवेअर) नाही, यंत्र पाच वर्षं बंद न होता चालायचंय, अशा ठिकाणी ते सोन्यासारखं शहाणपण आहे. मीही वागळे इस्टेटमध्ये सुरुवातीची वर्षं तेच केलं, मॅलॉक हा शब्द कोडमध्ये दिसला तर साहेब रिव्ह्यू परत पाठवायचे. पण लिनक्स कर्नल स्वतःच सतत डायनॅमिक मेमरीवर चालतो. तुमच्या ॲपने डिव्हाइसची फाइल उघडली त्या क्षणी कर्नलने तिच्यासाठी एक स्ट्रक्चर स्लॅबमधून (केमॅलॉकही जिथून देतो त्या मेमरीच्या साठ्यातून) घेतलेलं असतं. नेटवर्कवरून येणारं प्रत्येक पाकीट असंच घेतलेल्या जागेत उतरतं. तुमच्या ड्रायव्हरने एकट्याने सोवळं पाळून काही साधत नाही.

आणि स्टॅटिकला 'सेफ' म्हणतात तेव्हा मला आमचा एक किस्सा हमखास आठवतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्याला आम्ही टाक्यांचे दाब नोंदवणारी पेटी दिली होती. ड्रायव्हर मी लिहिलेला. त्यात फाइलच्या वर दोन केबीचा एक स्टॅटिक बफर, कार्डाकडून आलेलं त्यात घ्यायचं, तपासायचं, वर द्यायचं. आठ महिने एक तक्रार नाही. मग त्यांनी टाक्या वाढवल्या आणि पेटीत दुसरं कार्ड बसवलं. दोनतीन दिवसांतून एकदा एका टाकीचा दाब क्षणभर दुसऱ्या टाकीचा दिसायला लागला. ऑपरेटर म्हणायचा, सेन्सर खराब. आम्ही सेन्सर बदलले, केबल बदलल्या, अर्थिंगवर तर संशय घेण्याची आमची परंपराच आहे, तेही तपासून झालं.

शेवटी ऑफिसात दोन कार्डं टेबलावर मांडली. एकाला फक्त हेक्स एए पाठवायला लावलं, दुसऱ्याला फक्त हेक्स ५५, आणि रात्रभर चालू ठेवून घरी गेलो. सकाळी लॉगमध्ये लाखो स्वच्छ फ्रेममध्ये एकच सापडली: पहिले १३१२ बाइट एए, त्यापुढे शेवटपर्यंत ५५. त्या एका ओळीने सगळं सांगितलं. दोन कोअर, दोन रीड, एकाच वेळी एकाच बफरमध्ये. आणि मला सर्वांत लागलं ते हे की मी लॉक लावलेलं होतं! प्रत्येक कार्डाच्या स्ट्रक्चरमध्ये त्याचं-त्याचं म्युटेक्स होतं. कुलपं दोन आणि कपाट एक. पहिला पहिलं कुलूप उघडून आत शिरला, दुसरा दुसरं उघडून, आणि दोघेही नियमाने वागत होते.

तेव्हा स्टॅटिक बफर घेताना स्वतःला विचारायचं: हे जगात एकच आहे का? एका यंत्रात एकच असणारी गोष्ट असेल तर स्टॅटिक ठीक. 'सध्या आमच्याकडे एकच कार्ड आहे' हे त्याचं उत्तर नव्हे. कार्डागणिक एक हवा असेल तर तो त्या कार्डाच्या स्ट्रक्चरमधून लोंबला पाहिजे, आणि त्याचं लॉक त्याच्या शेजारी. फाइल उघडणाऱ्यागणिक एक हवा असेल तर ओपनमध्ये घ्या.

तिसरा मार्ग काही जण गुपचूप वापरतात: फंक्शनच्या आत मोठा ॲरे, म्हणजे स्टॅक. तो नकोच. ६४-बिट आर्मवर प्रत्येक थ्रेडला कर्नल स्टॅक साधारण १६ केबी मिळतो, आणि तो तुमच्या एकट्याचा नसतो. वरून सिस्टिम कॉल, व्हीएफएस (फाइली हाताळणारा कर्नलचा थर) आणि खाली एसपीआयचा गाभा, सगळे त्यातच. एका फंक्शनची फ्रेम २०४८ बाइटच्या वर गेली की कंपायलर कुरकुरतो, तो इशारा बंद करू नका. आकार चालू असताना ठरणारे ॲरे तर कर्नलच्या ४.२० आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१८ मध्ये, कर्नलमधून काढूनच टाकले. आणि ४.९ पासून एक्स८६ वर स्टॅकच व्हीमॅलॉकच्या जागेत (सुटी पानं जोडून सलग दाखवलेल्या जागेत) जाऊ लागला, तेव्हा स्टॅकवरचा बफर यूएसबीला देणारे कितीतरी जुने टीव्ही-ट्यूनर ड्रायव्हर एकामागून एक आडवे झाले. वर्षानुवर्षं चालणारी चूक म्हणजे नशीब, ते तेव्हा संपलं इतकंच.

आता दुसऱ्या सीनियरांकडे. केमॅलॉक करा, बरोबर. पण कुठे?

त्या किस्स्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि पुढच्या उत्पादनात सगळं ओपनमध्ये मागायला लागलो. फाइल उघडली की २५६ केबीचा केमॅलॉक, बंद केली की सोडला. कागदावर छान. टेबलावर छान. ग्राहकाकडे तीन आठवडे छान, आणि मग एका सकाळी ॲप पुन्हा सुरू केल्यावर डिव्हाइस उघडेना. लॉगमध्ये 'पेज ॲलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ६'. रॅम किती मोकळी? १४० एमबी! ग्राहकाचा माणूस फोनवर म्हणाला, "साहेब, १४० मोकळी आहे आणि तुम्हाला पाव एमबी मिळत नाही?"

ठाण्यात गोखले रोडला संध्याकाळी गाडी लावायला गेलात तर कळेल. दोन स्कूटरच्या मध्ये हातभर जागा, पुढे दुकानासमोर हातभर, बेकरीपाशी हातभर. सगळी मिळून मोजली तर तीन गाड्या मावतील. सलग एका गाडीपुरती नाही. केमॅलॉकला रॅममध्ये सलग जागा लागते. ऑर्डर ६ म्हणजे ६४ पानं ओळीने, आणि तीही सोयीच्या सीमेवर सुरू होणारी. यंत्र नुकतंच चालू झालंय तेव्हा रस्ता रिकामा असतो. तीन आठवड्यांनी सुटी पानं खंडीभर आणि सलग गठ्ठा एकही नाही. हे आधीच पाहायचं असेल तर प्रॉक मधली 'बडीइन्फो' फाइल वाचा, डावीकडून उजवीकडे ऑर्डर ० पासून चढत्या क्रमाने किती गठ्ठे उरलेत ते दिसतं. आमच्या पेटीवर डावीकडे हजारोंचे आकडे होते आणि ऑर्डर ५ पासून पुढे शून्य, शून्य, शून्य.

ऑर्डर ३ पर्यंत, म्हणजे ३२ केबीपर्यंत, साधी जीएफपी कर्नल मागणी (जागेसाठी थांबायला, झोपायला तयार असलेली) आली तर कर्नल जंग जंग पछाडतो, पानं हलवतो, कॅश रिकामी करतो, आणि सहसा देतो. त्यापुढे तो लवकर हार मानतो. त्यामुळे माझा ढोबळ नियम: ३२ केबीच्या वर सलग जागा हवी असेल तर ती प्रोबमध्येच (ड्रायव्हर कार्डाला जोडला जाताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) मागायची, यंत्र ताजं असताना, आणि मग धरून ठेवायची. मिळाली नाही तर प्रोबच फसेल, आणि ते बरं. लोड होताना फसलेला ड्रायव्हर तुमच्यासमोर टेबलावर फसतो, तीन आठवड्यांनी फसलेला ग्राहकासमोर.

इंटरप्टबद्दल, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला मारलेल्या हाकेबद्दल, थोडक्यात. हार्ड इंटरप्ट हँडलरमध्ये किंवा स्पिनलॉक (न झोपता धरायचं लॉक) धरलेलं असताना झोपता येत नाही, म्हणून जीएफपी कर्नल तिथे चालत नाही. जीएफपी ॲटॉमिक चालतं, पण ते मेमरी मोकळी होण्याची वाट बघू शकत नाही, समोर जे असेल ते देतं किंवा नाही म्हणतं. आणि नाही म्हणायची वेळ नेमकी तेव्हाच येते जेव्हा सगळीकडून डेटाचा पूर आलेला असतो. तुमचं काम थ्रेडेड इंटरप्टमध्ये (झोपता येईल अशा वेगळ्या थ्रेडमध्ये) असणार, कारण एसपीआय स्वतःच झोपतो. तिथे जीएफपी कर्नल चालेल. तरी दर १० मिलीसेकंदांनी मागायचं आणि सोडायचं कशाला? ज्या वाटेवरून फ्रेम सतत धावतेय तिथे मागणीच नको.

तर तुमच्या ड्रायव्हरचं मी असं करीन.

तुमच्या ६४ केबीच्या ॲरेत दोन वेगळी कामं एकत्र झालीत, ती आधी सुटी करा. एक, कार्डाकडून फ्रेम उतरवून घेणं. याला डीएमए हात लावतो. दोन, ॲप येऊन घेऊन जाईपर्यंत फ्रेम साठवणं. याला फक्त प्रोसेसर हात लावतो. पहिल्यासाठी ४०९६ बाइटचे दोन बफर, प्रोबमध्ये केमॅलॉकने. एक भरत असताना दुसरा रिकामा करायचा. हे ऑर्डर ० चे आहेत, कधी अडत नाहीत.

साठवणीचा हिशोब तुम्ही केलेला दिसत नाही. ६४ केबी म्हणजे १६ फ्रेम, म्हणजे ०.१६ सेकंद. तुमचं ॲप एसडी कार्डावर लिहितं असं तुम्ही म्हणताय. एसडी कार्डाने अर्धा सेकंद अडून बसणं ही रोजची गोष्ट आहे. तेवढ्यात ५० फ्रेम आल्या, १६ राहिल्या, बाकीच्या गेल्या. ५१२ केबी घेतले तर १२८ फ्रेम, म्हणजे १.२८ सेकंदांची उसंत. ५१२ एमबीच्या बोर्डावर हे काहीच नाही. पण ५१२ केबी केमॅलॉकने मागितले तर ती ऑर्डर ७, पुन्हा गोखले रोड. या जागेला सलगपणाची गरजच नाही, म्हणून केव्हीमॅलॉक वापरा. ते ४.१२ पासून, २०१७ मध्ये आलं: आधी सलग मिळते का बघतं, नाहीतर व्हीमॅलॉककडे जातं.

रांगेसाठी केफिफो, म्हणजे कर्नलची तयार रांग, छान आहे, एक लिहिणारा आणि एक वाचणारा असेल तर लॉकही लागत नाही. आकार दोनच्या घातात हवा, ५१२ केबी आहेच. पण एक मेख आहे: 'केफिफो ॲलॉक' आतून केमॅलॉकच करतं. म्हणून स्वतः केव्हीमॅलॉक करून तो बफर 'केफिफो इनिट' ला द्या. आणि सोडताना 'केफिफो फ्री' बोलावू नका, ते साधं केफ्री करतं. तुम्ही केव्हीफ्री करा. मी हे चुकलेलो आहे, म्हणून सांगतोय.

दोन केमॅलॉक वेगळे का करायचे, स्ट्रक्चरच्या आतच ४०९६ बाइटचा ॲरे का नाही ठेवायचा, असं तुम्ही विचाराल. दोन कारणं. एक हिशोबाचं: केमॅलॉक ठरावीक मापांच्या खणांतून देतो, ४०९६ नंतरचा खण ८१९२ चा. ४०९६ चा डेटा आणि १६ बाइटचं हेडर एकत्र केलंत की जवळजवळ अर्धा खण रिकामा गेला. दुसरं कारण जास्त गंभीर. ज्या आर्म बोर्डांवर डीएमए आणि कॅश आपोआप जुळत नाहीत, तिथे डीएमए झाल्यावर कर्नल त्या जागेच्या कॅशच्या ओळी फेकून देतो. त्याच ओळीवर तुमचा एखादा काउंटर शेजारी बसलेला असेल आणि मधल्या वेळात कोणी तो वाढवला असेल, तर ती वाढ गायब होऊ शकते. उलट बाजूने, काउंटर लिहिताना जुनी ओळ रॅमवर उलटली तर ताजा डेटा खराब. वर्षातून दोनदा दिसणारा बग. ६४-बिट आर्मवर डीएमएची सुरक्षित सीमा १२८ बाइटची धरतात. आयआयओ (सेन्सर आणि मापनाची उपकरणं) ड्रायव्हर बघा, त्यांच्यात डीएमएचा छोटा बफर स्ट्रक्चरच्या अगदी शेवटी, मुद्दाम सीमेवर बसवलेला असतो. वेगळा केमॅलॉक केलात की ही चिंता आपोआप जाते.

स्टॅटिक ॲरेचा पॉइंटर करताना दोन खड्डे आहेत, दोन्हीत माणसं हमखास पडतात. पहिला: साइझऑफ. काल ते ६५५३६ होतं, आज पॉइंटर झाल्यावर ८ आहे. कंपायलर बहुतेक वेळा गप्प बसतो. मेमसेटने फक्त पहिले ८ बाइट पुसले जातात आणि तुम्ही दोन दिवस भलतीकडे शोधत राहता. फाइलमध्ये साइझऑफ शोधा, प्रत्येक जागा डोळ्यांनी बघा. दुसरा: स्टॅटिक ॲरे सुरुवातीला शून्यांनी भरलेला असतो, केमॅलॉक तसा नसतो. त्यात आधीच्या मालकाचं काहीही पडलेलं असतं. अर्धीच फ्रेम आली आणि तुम्ही पूर्ण ४०९६ बाइट वर कॉपी केले, तर कर्नलमधली दुसऱ्या कोणाची तरी माहिती ॲपच्या हातात दिली. केझॅलॉक (शून्यांनी भरून देणारा केमॅलॉक) वापरा, आणि तरीही जितके बाइट खरे आले तितकेच वर द्या. आकार ॲपकडून येत असेल तर त्याला मर्यादा घाला, आणि संख्या गुणिले माप असा हिशोब असेल तर 'केमॅलॉक ॲरे' वापरा, गुणाकार ओसंडला तर ते नाही म्हणतं.

आता डेव्हएम केझॅलॉक. सगळ्या उदाहरणांत तेच दिसतं, आणि सोयीचंही आहे: डिव्हाइस सुटलं की मेमरी आपोआप सुटते, चुकांच्या वाटांवर केफ्री लिहीत बसायला नको. डीएमएच्या त्या दोन बफरांसाठी बिनधास्त वापरा, फक्त इंटरप्टची नोंदणीही डेव्हएमनेच आणि बफरांच्या नंतर करा, म्हणजे सुटताना इंटरप्ट आधी बंद होईल. पण ज्या स्ट्रक्चरला उघडी फाइल धरून बसलीय, त्यासाठी नको. विचार करा, ॲपने फाइल उघडलीय, रीडमध्ये वाट बघतंय. तेवढ्यात कोणी ड्रायव्हर डिव्हाइसपासून अनबाइंड केला, म्हणजे तोडला. डेव्हएमने इमानेइतबारे स्ट्रक्चर सोडून दिलं. ॲप मात्र अजून जिवंत आहे, ते जागं होतं आणि सुटलेल्या जागेत पाय टाकतं. उघडी फाइल मॉड्यूल काढू देत नाही म्हणून बरेच जण निश्चिंत असतात, पण अनबाइंडला ती अडवत नाही. म्हणून ते मुख्य स्ट्रक्चर आणि साठवणीची रांग साध्या केझॅलॉक आणि केव्हीमॅलॉकने घ्या, त्यावर केरेफ (किती जण वापरतायत याची मोजणी) ठेवा, आणि शेवटचा वापरणारा गेला की सोडा. रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर सुटताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) 'कार्ड गेलं' असा झेंडा लावून वाट बघणाऱ्यांना उठवा.

मग स्टॅटिक कुठेच नको का? हवं ना. रजिस्टरांचा तक्ता, कॅलिब्रेशनचे स्थिर आकडे, डिव्हाइस ओळखीची यादी: स्टॅटिक आणि कॉन्स्ट, म्हणजे ते फक्त वाचता येणाऱ्या भागात जातं आणि चुकूनही कोणी लिहू शकत नाही. आणि जिथे मागणी करायला कोणी अजून जागंच नाही, तिथे. कर्नलच्या लॉगचा बफर बघा. प्रिंटके मेमरी वाटणारी यंत्रणा उभी राहण्याआधीपासून बोलायला लागतो, म्हणून त्याचा बफर स्टॅटिक आहे, नेहमीच्या सेटिंगला १२८ केबीचा. बूटच्या ओळीत मोठं माप दिलंत तर पुढे तो नवी जागा घेऊन तिकडे जातो. तुमचा ६४ केबीचा ॲरे मात्र मॉड्यूल लोड झाल्यापासून कार्ड असो नसो अडूनच बसतो.

बदल केल्यावर तपासायला चार गोष्टी कर्नल कॉन्फिगमध्ये चालू करून एक वेगळी इमेज बांधा. केएसॅन, सुटलेल्या जागेत पाय टाकला की जागच्या जागी पकडतो. केमेमलीक, सोडायचं राहिलं ते सांगतो. डीबग ॲटॉमिक स्लीप, स्पिनलॉक धरून जीएफपी कर्नल मागितलंत की 'स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड काँटेक्स्ट' असं ओरडतो. याच्याशिवाय ती चूक महिनोन्महिने लपते. आणि फेलस्लॅब, जो मुद्दाम मधूनमधून मागण्या फसवतो. हा शेवटचा फारसं कोणी वापरत नाही, आणि म्हणूनच प्रोबमधल्या चुकांच्या वाटा कोणीच कधी चालून बघितलेल्या नसतात. या इमेजवर वेग मोजू नका, केएसॅनमुळे सगळं रेंगाळतं.

मग ॲप वाचत असतानाच सिसएफएसमधून अनबाइंड, पुन्हा बाइंड, असं शंभरदा एका छोट्या स्क्रिप्टने. ते टिकलं की दोन कार्डं लावून एए आणि ५५ ची रात्र काढा. तुमच्याकडे दुसरं कार्ड अजून बनलेलं नाही असं तुम्ही लिहिलंय. मग एखादा स्वस्त मायक्रोकंट्रोलर एसपीआय स्लेव्ह करून दुसऱ्या चिप सिलेक्टवर बसवा आणि त्याला फक्त ५५ पाठवायला लावा, तेवढ्याने भागतं. आमच्या टेबलावर असा एक कायमचा पडलेला असतो. लागला तर वागळे इस्टेटला येऊन घेऊन जा, महिन्याभरात परत द्या.